दोन वेढे, एक उलटा

सकाळी नऊलाच मुकादमाचा पारा चढला. नाताळच्या झाडाने अजून काही केलं नव्हतं. ते तीन तुकड्यांत खोक्यात पडून होतं. पोरांनीही अजून काही केलं नव्हतं. पारा चढवला तो बायकोने, तोही दारात चपला घालता घालता.

"झाड यंदा नीट उभं करा हं," ती म्हणाली.

"यंदा म्हणजे?"

"यंदा म्हणजे यंदा. अहो, दुकान उघडायचंय मला, वाद घालायला वेळ नाही. साडेतीनला येते. मनीचे पंख कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलेत. पाचला तिचा कार्यक्रम, साडेचारला निघायचं. आणि चारला आई येतीये."

"कोणाची आई?"

"माझी. तुमची यायची असती तर मी सुट्टी नसती का टाकली?"

आणि ती औषधांच्या दुकानात कामाला निघून गेली. मुकादम बंद दाराकडे बघत राहिला. उत्तर त्याला सुचलं, पण तोवर ती जिना उतरून गेली होती. चांगली उत्तरं त्याला नेहमी जिना उतरून झाल्यावरच सुचायची आणि त्याचाही त्याला राग यायचा.

मुकादम हे काही त्याचं नाव नव्हे. मालाच्या गोदामावर ट्रक भरले, की त्यांवरचा माल दोरांनी आवळून बांधणारी एक टोळी असते. त्या टोळीचा तो अठरा वर्षं मुकादम होता. त्याने बांधलेला माल वाटेत सुटला असं अठरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. बायको रागावली की घरीही त्याला मुकादमच म्हणायची, आणि ती वरचेवर रागवायची, त्यामुळे शेजारीपाजारी तेच नाव चालू झालं होतं.

आणि अशा माणसाच्या घरी मागच्या नाताळात झाड पडलं होतं. नुसतं पडलं असतं तर एक वेळ चाललं असतं. ते सासूबाईंच्या अंगावर पडलं, त्यांच्या हातात चहाचा कप असताना. सासूबाईंना खरचटलंसुद्धा नाही, पण वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, बसच्या रांगेत, भेटेल त्याला त्या सांगायच्या, "आमचे जावई ट्रक बांधतात हो. झाड तेवढं जमत नाही." हे वाक्य मुकादमाच्या कानावर सहा वेगवेगळ्या माणसांकडून आलं होतं. त्यातला एक तर त्याच्याच टोळीतला होता.

तेव्हा यंदा आभाळ कोसळलं तरी झाड कोसळता कामा नये, असं त्याने ठरवलं होतं.

"चला," त्याने हाक दिली. "मनी, टिल्लू, इकडे या. काम सांगेन तेवढंच करायचं. मध्ये बोलायचं नाही."

मनी सात वर्षांची होती आणि त्या दिवशी देवदूत होती. शाळेच्या नाटुकल्यात जंगलातली झाडं थंडीने कुडकुडत रडत असतात, तेव्हा देवदूत येतो आणि म्हणतो, "शांत व्हा. सगळं ठीक होईल." तिला एवढंच वाक्य होतं, पण आठवडाभर ती ते जेवताना, दात घासताना, झोपेत म्हणत होती. टिल्लू चार वर्षांचा. त्याला वाक्य नव्हतं, त्यामुळे तो दिवसभर बोलायचा.

मुकादमाने कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातून शोभेच्या वस्तूंचं खोकं काढलं आणि कोपऱ्यात झाड उभं करायला लागला. कपाट उघडंच राहिलं. ही त्याची पहिली चूक. ती त्याला दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटांपर्यंत कळली नाही.

अर्ध्या तासात झाडाचे तिन्ही तुकडे एकमेकांत बसले. मग पोरांनी गोळे लावायला सुरुवात केली. मुलांची उंची झाडाच्या कमरेपर्यंत, आणि आवडती फांदी एकच. दहा मिनिटांत त्या एका फांदीवर चौदा गोळे, दोन घंटा आणि एक कापसाचा नाताळबाबा लटकले होते. बाकीचं झाड उपाशी.

"एका बाजूला भार टाकताय," मुकादम ओरडला. "ट्रक असता तर पहिल्याच वळणावर उलटला असता."

"पण बाबा, हा ट्रक नाहीये," मनी म्हणाली.

"सगळं ट्रकच असतं. काढा ते. आणि हे काय बांधलंय? हिला गाठ म्हणतात?"

मनीने केसांच्या रिबिनीला मारतात तसं फूल मारलं होतं. मुकादमाने बोटाच्या टोकाने ओढलं, फूल सुटलं, गोळा जमिनीवर पडला आणि पलंगाखाली गेला. टिल्लूला फार हसू आलं. मुकादमाला आलं नाही.

"बघा इकडे," तो मांडी घालून बसला. "आयुष्यात एकच गाठ शिकलात तरी पुरे. दोन वेढे, एक उलटा, खालून घे आणि ओढ. दोन वेढे. एक उलटा. खालून घे. ओढ. हिचं नाव मुकादमगाठ. मोठमोठ्या बाप्यांना येत नाही."

मनीने सहा वेळा करून पाहिली, आणि सहाव्यांदा तिचं स्वतःचं बोटच गाठीत अडकलं. ते सोडवेपर्यंत मुकादमाचा चेहरा लाल झाला. त्याच्या रागाची एक गंमत होती: तो रागावत नाहीये हे दाखवायचा प्रयत्न करायचा, आणि त्या प्रयत्नाचाच त्याला राग यायचा.

"शांत व्हा," मनी बोट चोळत म्हणाली. "सगळं ठीक होईल."

"ते शाळेत."

"मला पण शिकवा," टिल्लू म्हणाला.

"तुला सदऱ्याचं बटण लावता येत नाही. तू गोळे दे. दोरे कापलेत, ते दे. बास."

टिल्लूला बढतीऐवजी पायउतार केल्यासारखं वाटलं असावं. तो गोळे देऊ लागला, पण एकेक गोळा देताना बापाच्या हातांकडे टक लावून बघत होता. शेवटी खोक्यात थोडं उरलं तेव्हा त्याने विचारलं, "मागे कोण लावणार?"

"मागे काही लावायचं नाही. भिंतीला काय दाखवायचंय?"

"पण मागे..."

"मागे जायचंच नाही. झाड हलेल. कळलं?"

टिल्लूने मान हलवली. ज्या मुलाने एवढ्या पटकन मान हलवली त्याच्यावर नजर ठेवायला हवी होती. पण मुकादम तेवढ्यात दोर आणायला गॅलरीत गेला. तिथे दोर मोजण्यात, ओढून बघण्यात आणि शेजाऱ्याने आपली कुंडी अर्धी वीत सरकवली आहे यावर मनातल्या मनात भांडण्यात त्याची वीस मिनिटं गेली.

परत आला तेव्हा मनी जमिनीवर चमकी वेचत होती आणि टिल्लू भिंतीला टेकून अगदी शहाण्यासारखा बसला होता.

आता खरं काम सुरू झालं. तीन दिशांनी सारखी ओढ असली की माल हलत नाही, हा मुकादमाचा सिद्धांत. पहिला दोर त्याने खिडकीच्या गजाला बांधला. दुसऱ्यासाठी कपाट होतं. त्याने ते लोटून बंद केलं, दोन्ही दारांच्या मुठींतून दोर ओवला आणि आवळला. तिसरी दिशा समोरची. त्या दिशेला फ्रिज होता. फ्रिज जड असतो, हलत नाही, भरवशाचा असतो. मुकादमाच्या मते घरातलं तेवढंच एक माणूस कामाचं होतं. दारासकट त्याच्याभोवती एक फेरा घेऊन त्याच्या मुठीला तिसरा दोर गेला, आणि तोच सगळ्यात जास्त आवळला गेला. शेवटी त्याने तिन्ही गाठींवर पाणी मारलं. दोराची गाठ ओली झाली की फुगते आणि स्वतःलाच धरून बसते. मग ती नखाने सुटत नाही, दाताने सुटत नाही. गोदामावर त्यासाठी एक लोखंडी टोच्या असतो. तो गोदामावर होता, आणि गोदाम आज बंद होतं.

मुकादमाने झाडाला खांदा लावून धक्का दिला. झाड हललं नाही. खिडकी हलली.

"आता येऊ दे कोण येतं ते," तो म्हणाला.

"बाबा, एक सांगू?" टिल्लू म्हणाला.

"आधी त्या दोराखालून बाहेर हो."

"बाबा, पण..."

"नंतर."

खोलीची अवस्था अशी झाली होती, की बाहेरच्या दारातून स्वयंपाकघरात जायला दोनदा वाकावं लागत होतं, आणि मोरीत जायला एकदा वाकून एकदा टांग टाकावी लागत होती. मुकादमाला त्यात काही गैर दिसत नव्हतं. गोदामावर माणसं रोज असंच चालतात.

बारा वाजता पोरांना भूक लागली आणि फ्रिज उघडत नाही हे ध्यानात आलं.

"दूध आत आहे," मनी म्हणाली.

"माहीत आहे."

"भाजी पण आत आहे. कालची पोळी पण आत आहे."

"मनी, मला माझ्या घरात काय कुठे आहे ते माहीत आहे."

दोर सोडायचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला. पण बांधलेला माल मुक्कामाला पोचायच्या आधी सोडायचा नसतो, आणि त्याचा मुक्काम सासूबाई होत्या. तो वाकला, टांग टाकली, पुन्हा वाकला, खाली गेला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी, पाव आणि अंडी घेऊन आला. परत येताना पहिला दोर विसरला. तो बरोबर गळ्याला लागला. अंड्यांपैकी दोन वाचली.

"बाबा," जमिनीवरच्या अंड्याकडे बघत टिल्लू म्हणाला, "आता सांगू?"

"टिल्लू, तू आज एक अक्षर बोललास ना, तर मी तुला चौथ्या दोराने बांधीन."

टिल्लू गप्प बसला. एकतर बाबांनी मागे जायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तो गेला होता. दुसरं, चौथा दोर शिल्लक आहे हे त्याने पाहिलं होतं.

साडेतीनला बायको आली. दार उघडलं, दोन पावलं टाकली आणि पहिल्या दोरावर तिचं कपाळ आपटलं. मुकादम हाताची घडी घालून झाडाशेजारी उभा होता. कौतुकाची तो वाट बघत होता असं नाही, पण कोणी केलं असतं तर ऐकून घेतलं असतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"झाड. नीट उभं केलंय. यंदा."

बायकोने खोलीवरून नजर फिरवली. खिडकी, फ्रिज, कपाट. कपाटावर नजर थांबली. ती फार सावकाश बोलली, आणि ती सावकाश बोलायला लागली की शहाणी माणसं घराबाहेर जायची.

"अहो, कपाट कसं उघडायचं?"

मुकादमाने कपाटाकडे पाहिलं. मग गाठीकडे. मग छताकडे.

"मनीचे पंख कपाटात आहेत," बायको म्हणाली. "सकाळी सांगून गेले होते. मराठीत सांगितलं होतं ना मी?"

"सोडतो. त्यात काय एवढं? पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांनी त्याचं एक नख तुटलं होतं. दहा मिनिटांनी दातांत दोराचा तुसा अडकला होता. त्याने काटा घातला, काटा वाकला. पेचकस घातला, तो गाठीत शिरला आणि बाहेर येईना, तिथेच लटकत राहिला. कपाटाच्या मुठीच काढाव्यात म्हणून स्क्रू शोधले, तर ते दारांच्या आतल्या बाजूने होते. बिजागऱ्याही आतून. कपाट करणारा सुतार जिवंत असेल तर त्याला मुकादमाने त्या क्षणी मनसोक्त शिव्या दिल्या, आणि नसेल तरी दिल्या.

"आई, एक सांगू?" टिल्लूने आता दुसरं दार ठोठावलं.

"थांब रे राजा, आत्ता नको. अहो, कापा तो दोर."

मुकादम ताठ झाला. "दोर कापायचा नसतो."

"सुरी आणू?"

"अगं, मागच्या आठवड्यात दोर कापला म्हणून एकाला मी दोन दिवस घरी बसवलं. ज्याला गाठ सोडता येत नाही तो दोर कापतो. माझ्या गोदामात दोर कापणारा माणूस उभा राहत नाही."

"हे गोदाम नाही. हे माझं घर आहे, आणि ती तुमची मुलगी आहे."

"शांत व्हा," मनी म्हणाली. "सगळं..."

"मनी, गप्प," दोघंही एकदम म्हणाली. त्या दिवसात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

आणि तेवढ्यात बेल वाजली. चार वाजले होते. सासूबाई वेळेच्या पक्क्या होत्या.

दारातच उभ्या राहून त्यांनी खोली बघितली. घाई केली नाही. बाजारात भाजी बघावी तसा एकेक दोर बघितला.

"काय जावईबापू, यंदा झाड जेरबंद केलंत वाटतं."

"या, आई. बसा," मुकादम म्हणाला. तोंडातला तुसा त्याने आधी बाजूला घेतला.

"कुठे बसू ते तुम्हीच सांगा. मागच्या वर्षी मी माझी मीच बसले होते."

खोलीत दोरांच्या वाटेत न येणारी एकच खुर्ची होती, आणि ती झाडासमोर होती. मागच्या वर्षी होती, तीच. सासूबाईंनी झाडाला हात लावून पाहिला, जरा हलवून पाहिलं. झाड हललं नाही. त्या फक्त "हं" म्हणाल्या आणि बसल्या. वर्षभर ज्यासाठी मुकादम जळत होता ते ‘हं’ त्याला अखेर मिळालं. पण त्याला ते साजरं करता येईना. तो कपाटासमोर गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या डोक्यावर पेचकस लोंबत होता.

बायकोने बाहेरून आणलेल्या दुधाचा चहा केला आणि आईच्या हातात दिला. सव्वाचार झाले. चार पंचवीस झाले. सासूबाईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "एक विचारू का? राग नसावा. ट्रकवरचा माल तुम्ही पोचल्यावर काढता, की तसाच ठेवता?"

मुकादमाने पेचकस पुन्हा ओढून पाहिला. त्याच्या कानशिलावरची शीर उडत होती. बायको भांडी आपटत होती. मनी पांढरा झगा घालून, केस विंचरून, मोकळ्या पाठीने त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. रडली असती तर तो ओरडला असता आणि सगळं सोपं झालं असतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पंख नसले तरी चालेल. मी बाईंना सांगते, देवदूत चालत आला."

    मुकादम उठला, स्वयंपाकघरात गेला, भाजी कापायची सुरी घेऊन आला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने दोराला सुरी लावली. एक धागा तुटला, मग दुसरा. त्याने डोळे मिटून घेतले होते.

त्यामुळे पुढचं त्याला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं.

तीन दिशांची ओढ होती, त्यातली एक गेली. उरलेल्या दोहोंत फ्रिजची ओढ मोठी, कारण ती त्यानेच जास्त आवळली होती. झाड आधी थरथरलं. खिडकीच्या दोराने त्याला जागच्या जागी गर्रकन फिरवलं, फ्रिजच्या दोराने पुढे खेचलं, आणि ते समोरच्या खुर्चीवर, सासूबाईंवर, चहाच्या कपासकट, मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी जोरात कोसळलं.

 एक गोळा टप टप करत पलंगाखाली गेला.

"हं," झाडाखालून आवाज आला.

बायकोने आईकडे धाव घेतली नाही. वेळ नव्हता. तिने आधी कपाटाची दारं उघडली. खालच्या कप्प्यात मनीचे दोन स्वेटर होते, एक जुनी पिशवी होती आणि पंखांएवढी रिकामी जागा होती.

"इथेच ठेवले होते," ती म्हणाली. "इथेच. अहो, पंख कुठे आहेत?"

"मी तेच सांगत होतो," टिल्लू म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बोट दाखवलं. झाड पालथं पडलं होतं, भिंतीकडची बाजू वर आली होती, आणि त्या बाजूला, कमरेच्या जरा वर, एका फांदीवर पांढरे, पिसांचे, चंदेरी काठाचे पंख पसरलेले होते. सकाळपासून ते तिथेच होते.

"झाड मागून नागडं होतं," टिल्लूने खुलासा केला.

मुकादमाने हात उगारला. दिवसभराचा सगळा राग त्या एका हातात येऊन थांबला होता: बायकोचं ‘यंदा’, फ्रिज, अंडी, पेचकस, सासूबाईंचं ‘हं’, आणि विनाकारण कापलेला दोर. अगदी विनाकारण. टिल्लूने डोळे मिटून घेतले. आणि हात खाली येता येता मुकादमाची नजर पंख बांधलेल्या लाल दोऱ्यावर गेली.

तो खाली बसला. उगारलेल्या हातानेच त्याने तो दोरा उलटा करून पाहिला. दोन वेढे. एक उलटा. खालून घेतलेला आणि ओढलेला. त्याने ओढून पाहिलं. नखाने उचकटून पाहिलं. गाठ हलेना.

"हे कोणी बांधलं?"

"मी."

"खरं सांग. ताईने?"

"मला कुठे येते ती?" मनी म्हणाली.

"मीच," टिल्लू एक डोळा उघडून म्हणाला. "तुम्ही ताईला शिकवत होता ना, तेव्हा मी गोळे देत होतो."

मुकादमाने ती गाठ अठरा वर्षांत चाळीसेक बाप्यांना शिकवली होती. अकराजणांना आली होती. त्यातल्या दोघांची तर पाऊस असला की सुटायची.

बायकोने सुरी त्याच्या हातात दिली. "कापा तो दोरा. पावणेपाच होतील आता."

"ही गाठ कापायची नाही," मुकादम म्हणाला.

"काय?"

"स्वतःची कापली मी. ही कापणार नाही."

"अहो, शिवणकामाचा दोरा आहे तो."

"असू दे."

"आधी मला कोणी काढणार आहे का," सासूबाईंनी विचारलं, "की पोचल्यावर काढायचा माल आहे हा?"

त्यांना काढलं. मग मुकादमाने ती अख्खी फांदी खोडाच्या खाचेतून उपसली. मनीने पंख चढवले. फांदी तिच्या पाठीवर उभी राहिली, डोक्याच्या वर वीतभर, आणि टोकाला एक घंटा. ती चालली की वाजायची. मनीने आरशात पाहिलं आणि तिला काहीच वावगं वाटलं नाही.  बायको निघताना अशी काही बोलली नाही, की मुकादमाने बूट घालतानाच पुढच्या आठवड्याभराच्या जेवणाचा अंदाज बांधला.

शाळेचा हॉल भरला होता. ही मंडळी शेवटून तिसऱ्या रांगेत बसली. सासूबाईंच्या केसांत चमकी होती आणि खांद्यावर चहाचा डाग. ती दोन्ही त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली होती. पडदा उघडला. मुलं झाडं होऊन कुडकुडली, रडली. मग घंटेचा आवाज आला, आणि मागोमाग मनी आली.

आधी कोणीतरी एकच हसलं. मग रांग हसली. मागून एक बाई म्हणाल्या, "अगं, त्या देवदूताच्या पाठीत काय उगवलंय?" आणि हॉल खदखदला.

मुकादम उठला. वळला. गोदामावर चाळीस माणसांना गप्प करणारा तो चेहरा त्याने मागच्या तीन रांगांना दाखवला.

"गाठ आहे ती," तो म्हणाला. "माझ्या मुलाने मारलीये. तुमच्यापैकी कोणी सोडून दाखवा. या, कोण येतंय?"

कोणी आलं नाही. झाडं झालेली मुलं रडायची थांबली. बायकोने पदराने तोंड झाकलं. आणि मंचावरून, तिच्या वाक्याला अजून दोन पानं बाकी असताना, स्वच्छ आवाज आला.

"शांत व्हा. सगळं ठीक होईल."

मनी प्रेक्षकांकडे बघत नव्हती. ती सरळ त्याच्याकडे बघत होती. मुकादम खाली बसला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, त्या कशासाठी होत्या ते त्याला नीट कळलं नाही, पण त्यातल्या अर्ध्या त्याने टिल्लूच्या नावावर धरल्या. शेजारी बघितलं तर टिल्लू जागेवर नव्हता.

कार्यक्रम संपला. लोक उठू लागले तेव्हा टिल्लू खुर्चीखालून, गुडघे मळवून, बाहेर आला.

"बाबा, एक सांगू?"

मुकादमाने तोंड उघडलं, आणि दिवसात पहिल्यांदा विचार करून बोलला.

"सांग. आत्ताच सांग."

"मी तुमच्या बुटांच्या नाड्या खुर्चीला बांधल्या. दोन्ही बुटांच्या. पाणी पण मारलं, आजीच्या बाटलीतलं."

मुकादमाने पाय ओढून पाहिला. बूट जागचा हलला नाही. खुर्च्यांची अख्खी रांग लोखंडी पट्टीने एकमेकींना जोडलेली होती, नाहीतर त्याने खुर्ची उचलून नेली असती. हॉल रिकामा होत गेला. दिवे मालवायला आलेला शाळेचा शिपाई वाकून बघत म्हणाला, "काय हो, कात्री आणू?"

"खबरदार," मुकादम म्हणाला.

"अहो, चला आता," बायको दारातून म्हणाली.

सासूबाईंनी केसांतली चमकी काढून पर्समध्ये ठेवली. पुढच्या वर्षीच्या गोष्टीला पुरावा लागणार होता. मुकादमाने पाय बुटांतून बाहेर काढले, टिल्लूला खांद्यावर बसवलं आणि नुसत्या मोज्यांवर घरची वाट धरली. रस्ता गार होता, खडे टोचत होते, आणि तो सगळ्या वाटेने रस्ता करणाऱ्यांना शिव्या देत होता.